उंदरानं कुरतडलेली बीएमएस केबल: कॅम्परमधली बॅटरी पुन्हा बोलती कशी करायची

गुहागरला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, नारळाच्या वाडीत गाडी लावून आम्ही दोन रात्री राहिलो. तिसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तरी छतावरच्या सोलर पॅनलमधून बॅटरीत एक अँपियरही जात नव्हता. पडद्यावर बॅटरीच्या जागी नुसत्या रेघा आणि सोलर चार्जरवर ६७ क्रमांकाचा एरर. बॅटरी ठणठणीत होती, पॅनलही ठणठणीत होतं. बिघडली होती ती पलंगाखालून जाणारी करंगळीपेक्षा बारीक करडी केबल. वाडीतल्या उंदरानं ती दोन ठिकाणी कुरतडली होती आणि शेजारची बोटभर जाडीची पॉवर केबल मात्र त्याला आवडली नव्हती.

त्या दिवशी दुरुस्तीला साडेचार तास लागले. आता तेच काम मी पाऊण तासात करतो. ज्यांनी टेंपो ट्रॅव्हलर किंवा तशीच गाडी घेऊन नुकताच तिचा कॅम्पर केला आहे, लिथियम बॅटरी बसवली आहे आणि मल्टिमीटर फक्त सेल तपासायला वापरला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझी जोडणी आधी सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. ३.२ व्होल्टचे चार सेल, म्हणजे १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. तिच्या आत बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट. बाहेर व्हिक्ट्रॉन कंपनीचा सर्बो जीएक्स, जो सगळ्यांचं ऐकून सगळ्यांना सांगतो. शिवाय इन्व्हर्टर-चार्जर आणि सोलर चार्जर. बीएमएस आणि सर्बो यांच्यामध्ये जी केबल जाते, तिचीच ही गोष्ट. तुमची कंपनी वेगळी असेल तर पिना बदलतील, पद्धत तीच राहील.

ही केबल करते तरी काय

या केबलमधून वीज पुरवली जात नाही, निरोप जातात. बीएमएस दर थोड्या वेळानं सांगत असतो: मला जास्तीत जास्त इतके व्होल्ट द्या, इतक्याच अँपियरनं भरा, इतक्याच अँपियरनं उपसा, आत्ता मी इतके टक्के भरलेय, माझं तापमान इतकं आहे. ही बोली कॅन बसची. बस म्हणजे सगळ्या उपकरणांची सामायिक तार. बॉश कंपनीनं १९८६ साली ती मोटारींसाठी जाहीर केली आणि तुमच्या गाडीच्या इंजिनातही बहुधा तीच चालते. बॅटरीसाठी तिचा वेग सहसा सेकंदाला ५०० किलोबिट असतो.

निरोप थांबले की चार्जर स्वतःहून थांबतात. ६७ चा अर्थ एवढाच: ‘ज्याच्या सांगण्यावरून मी भरत होतो त्याचा आवाज येत नाही, म्हणून मी हात आखडता घेतला.’ चार्जर शहाण्यासारखा वागतोय. रस्त्यावरचा इलेक्ट्रिशियन लगेच म्हणतो, ‘साहेब, केबल काढून टाका, सेटिंग बदलतो, डायरेक्ट चालू होईल.’ चालू होईलही. पण मग सेल ३.६५ व्होल्टच्या वर जायला लागला की बीएमएसकडे सांगण्याचा मार्ग उरत नाही, अख्खी बॅटरी तोडणं एवढाच उपाय उरतो. चार्जर जोरात चालू असताना बॅटरी अशी अचानक तुटली, तर व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि त्यात फ्रिजचं सर्किट, दिवे, पंप असं काहीही जाऊ शकतं. केबलला लागणाऱ्या शे-दोनशे रुपयांपुढे हे महागात पडतं.

आधी गाडी झोपवा

हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली लोंबती चेन काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण लिथियम बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर क्षणात हजारांच्या घरात अँपियर वाहतात, पाना लालबुंद होतो आणि अंगठी असेल तर बोटाची हाडापर्यंत भाजणी होते. मी पान्याच्या मुठीला इन्सुलेशन टेप गुंडाळूनच ठेवलाय.

बंद करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. बाहेरून २३० व्होल्टची वायर जोडलेली असेल तर ती पहिली काढा. मग सोलर पॅनलचा ब्रेकर पाडा. पॅनल चालू असताना सोलर चार्जरची बॅटरी कधीही तोडू नका, कारण चार्जरला बॅटरीचा आधार लागतो. त्यानंतर गाडीच्या इंजिनावरून भरणारा डीसी-डीसी चार्जर, मग इन्व्हर्टर, मग फ्रिज-दिवे-पंप आणि सगळ्यात शेवटी बॅटरीचा मुख्य स्विच. बीएमएसला स्वतःचं बटण असेल तर तेही बंद करा, नाहीतर पुढे ओहम मोजताना मीटर काहीबाही आकडे दाखवेल.

आता काहीही उपसायच्या आधी मोबाइलवर दोन्ही टोकांचे फोटो काढा. केबल नेमकी कोणत्या खाचेत होती, शेजारच्या खाचेत काय होतं, खाचेवर काय छापलंय, सगळं दिसेल असे. हा सल्ला कंटाळवाणा वाटतो, पण बीएमएसवर कॅनची आणि आरएस४८५ या वेगळ्याच बोलीची अशा दोन सारख्या दिसणाऱ्या खाचा शेजारी शेजारी असतात, सर्बोवर व्हीई.कॅन आणि बीएमएस-कॅन अशा दोन जोड्या असतात आणि इन्व्हर्टरवर तशाच दिसणाऱ्या व्हीई.बसच्या खाचा असतात. या सगळ्यांत आरजे४५ हाच प्लग बसतो, तोच जो घरच्या इंटरनेटच्या केबलला असतो. बॅटरीची केबल चुकून व्हीई.बसमध्ये गेली तर उपकरण बिघडू शकतं.

बिघाड नेमका कुठे आहे

डोळ्यांनी बघून सुरुवात करा. टॉर्च घेऊन केबल टोकापासून टोकापर्यंत चाचपत जा. उंदराचे दात पटकन कळतात. खिळ्याखाली किंवा स्क्रूखाली चेपलेली, ड्रॉवरच्या पट्टीत घासलेली, प्लायवूडच्या धारदार भोकात कापलेली केबल बोटाला जास्त कळते, डोळ्याला कमी. प्लगची छोटी प्लास्टिकची जीभ तुटली असेल तर गाडीच्या हादऱ्यानं तो सुटतो. नवख्यांच्या निम्म्या तक्रारी एवढ्यावर मिटतात. आणि कोकणात महिनाभर गाडी उभी असेल तर प्लगच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट काट धरतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशनं पुसा. सॅंडपेपर लावलात तर सोन्याचा पातळ मुलामाच निघून जाईल.

आता मोजणी. कॅन बसवर खरं काम दोनच तारा करतात: कॅन-एच आणि कॅन-एल. त्या दोघींमध्ये बसच्या प्रत्येक टोकाला १२० ओहमचा एक रोध असतो, त्याला टर्मिनेटर म्हणतात. सर्बोच्या बाजूला तो छोट्या प्लगच्या रूपात रिकाम्या बीएमएस-कॅन खाचेत खोचलेला असतो. बॅटरीच्या बाजूला बऱ्याचदा बीएमएसच्या आतच बसवलेला असतो. दोन १२० समांतर जोडले की ६० होतात. हा ६० आकडा पाठ करा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

पिनांना मीटरची टोकं लावणं कटकटीचं असतं, म्हणून एक चाचणी-शेपटी करून घ्या. जुनी पॅच केबल घ्या, एका बाजूचा प्लग ठेवा, दुसऱ्या बाजूला वीतभरावर कापा आणि तारा सोलून वेगवेगळ्या करा. सोबत आरजे४५ चा एकाचे दोन करणारा जोड घ्या. मात्र आठही पिना सरळ जाणारा घ्या. इंटरनेटसाठी मिळणारे काही जोड आतल्या आत तारांची अदलाबदल करतात, ते इथे चालत नाहीत. दुकानात मीटर घेऊन जा आणि तिथेच बीप वाजवून बघा. दुकानदार हसेल, हसू दे.

जोड बॅटरीच्या टोकाला केबल आणि बीएमएसच्या मध्ये बसवा, शेपटी त्यात खोचा आणि एच-एल मध्ये ओहम मोजा. सगळं बंद असताना:

६० च्या आसपास आलं तर तारा आणि टर्मिनेटर दोन्ही शाबूत आहेत. बिघाड खाच चुकल्याचा, सेटिंगचा किंवा हलल्यावरच तुटणाऱ्या तारेचा असेल.

१२० आलं तर एक टर्मिनेटर दिसेनासा झालाय. सर्बोकडची केबल उपसा. आकडा १२० च राहिला तर त्या बाजूनं काही पोचतच नव्हतं, म्हणजे केबल तुटली आहे किंवा टर्मिनेटर खोचलेलाच नाही. माझ्याकडे हेच झालं होतं.

४० आलं तर कुणीतरी तिसरा टर्मिनेटर लावलाय. शून्याजवळ आलं तर एच आणि एल एकमेकींना चिकटल्या आहेत. चेपलेल्या केबलचं हे लक्षण. मीटर काहीच दाखवत नसेल तर दोन्ही टर्मिनेटर गायब आहेत, किंवा तुम्ही चुकीच्या दोन तारा धरल्या आहेत. बहुतेक वेळा दुसरंच असतं.

केबल संशयित ठरली की ती दोन्ही बाजूंनी काढून एकेक तार वेगळी तपासा. इथे बीपवर विसंबू नका. बऱ्याच मीटरचा बीप काही दहा ओहमपर्यंतही वाजतो. सातातले सहा धागे तुटलेली तारही मजेत बीप देते. ओहमच मोजा. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ८४ ओहम असतो, म्हणजे पाच मीटरला अर्ध्या ओहमपेक्षाही कमी. मीटरच्या स्वतःच्या वायर धरून एक ओहमच्या आत यायला हवं. तीन-चार ओहम दिसलं तर तार गेलीच समजा. मोजताना केबल इंचाइंचानं वाकवत जा. आकडा नाचला की तिथेच बोट ठेवा.

जोडायची की बदलायची

माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही टोकांना आरजे४५ प्लग असेल तर जोडत बसू नका, अख्खी बदला. जुनी केबल ओढून काढताना तिच्याच टोकाला नवी बांधा, म्हणजे पलंगाखालचा रस्ता आपोआप सापडतो.

केबल फर्निचरमध्ये अशी अडकली असेल की निघतच नाही, तरच मधे जोड द्या. खराब तुकडा कापा, दोन्ही बाजूंना प्लग चढवा आणि मधे दोन प्लग जोडणारा कपलर घालून तो कोरड्या डबीत ठेवा. नाइलाजानं तारा थेट जोडायच्या झाल्याच तर प्रत्येक जोड दोन-तीन सेंटिमीटर पुढेमागे ठेवा, म्हणजे दोन जोड शेजारी येणार नाहीत. प्रत्येकावर आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आवळणारी, वर सगळ्यांना मिळून एक मोठी. सोल्डरचा डाग दिल्यावर तिथली तार कडक होते आणि हादऱ्यानं डाग संपतो त्या कडेलाच तुटते. त्यामुळे जोडाच्या दोन्ही बाजूंना केबल टायनं बांधून टाका. काळी टेप हा जोड नव्हे. उन्हात तिचा गोंद वितळतो आणि ती सरकते.

नवी केबल बनवणं

सामान पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतं. आरजे४५ प्लग तारांवर दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल, प्लग मोजून दहा, कारण पहिले चार वाया जातात, आठ दिव्यांचा केबल टेस्टर आणि केबल.

केबल घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, पिळाची घ्या, म्हणजे प्रत्येक तारेत अनेक बारीक धागे असलेली, पॅच केबलला वापरतात ती. भिंतीतून टाकायची एकजीव तारेची केबल गाडीच्या हादऱ्यांनी आतल्या आत तुटते. प्लगही पिळाच्या तारेसाठीचे मागा, कारण एकजीव तारेच्या प्लगचे दात वेगळे असतात. दुसरी, शुद्ध तांबं आहे का बघा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्तात विकतात, वर बारीक अक्षरात सीसीए लिहिलेलं असतं. ब्लेडनं तार खरवडली की आतून पांढरी चकाकते. ती घरी ठेवा, गुलाबाला आधार बांधायला.

आता पिना. प्लग असा धरा की जीभ खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि तारा घालायचं तोंड तुमच्याकडे. डावीकडची पहिली पिन १, उजवीकडची शेवटची ८. व्हिक्ट्रॉनच्या बाजूला कॅन-एच ७ वर, कॅन-एल ८ वर आणि ग्राउंड ३ वर असतं. बॅटरीच्या बाजूला बऱ्याच कंपन्या एच ४ वर आणि एल ५ वर देतात, माझ्या बॅटरीतही तसंच आहे. तुमच्या बॅटरीचं पुस्तिकेत बघा, ग्राउंडची पिन तर हमखास वेगळी असते. म्हणजेच इंटरनेटची तयार सरळ केबल इथे चालत नाही. ४ ला ४ आणि ७ ला ७ जाऊन दोघंही एकमेकांना ऐकू येत नाहीत. मी पहिल्या वेळी हेच केलं. गुहागरच्या बाजारातून आणलेली नवीकोरी केबल खोचली आणि पुढचे दोन तास सेटिंग चाळत बसलो.

केबलच्या आत चार जोड्या असतात, प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. एच आणि एल एकाच जोडीत असायला हव्यात, हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. बाहेरचा विजेचा गोंगाट पिळलेल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो. घेणारं उपकरण फक्त दोघींमधला फरक बघतं, म्हणून गोंगाट गळून पडतो. एच एका जोडीतली आणि एल दुसरीतली घेतली तरी टेस्टरवर सगळे दिवे बरोबर लागतात, पडद्यावर बॅटरीही दिसते. मग इन्व्हर्टरवर मिक्सर लावला की ती गायब. हेही मी करून बसलोय.

मी निळी जोडी वापरतो. बॅटरीच्या टोकाला निळी ४ मध्ये, पांढरी-निळी ५ मध्ये. सर्बोच्या टोकाला तीच निळी ७ मध्ये आणि पांढरी-निळी ८ मध्ये. ग्राउंडसाठी तपकिरी तार, सर्बोकडे ३ मध्ये आणि बॅटरीकडे पुस्तिका सांगेल तिथे. बाकीच्या पाच तारा दोन्ही टोकांना बाहेरच्या आवरणापाशीच कापून टाका. सर्बोच्या या खाचांवर पिन ६ पॉवरसाठी असते, ती बॅटरीच्या भलत्याच पिनेवर पोचवायची नाही.

तीनच तारा प्लगमध्ये घातल्या की त्या खाच सोडून पळतात. त्यावर युक्ती अशी की उरलेल्या खाचांमध्ये कापलेल्या तारांचे दीड-दोन सेंटिमीटरचे आंधळे तुकडे घाला. आठही खाचा भरल्या की तारा सरळ रांगेत बसतात. बाहेरचं आवरण साधारण दीड सेंटिमीटर सोला. निळ्या जोडीचा पीळ त्याहून जास्त उलगडू नका. तारा सरळ करून एका रेषेत कापा, प्लगच्या टोकाला तांबं टेकलेलं दिसेपर्यंत आत ढकला आणि एकदा नंबर मोजून मगच टूल दाबा. बाहेरचं आवरण प्लगच्या आत, त्या चेपणाऱ्या पट्टीखाली यायलाच हवं. ते बाहेर राहिलं तर केबलचं वजन बारीक तारांवर येतं आणि महिन्याभरात परत ये रे माझ्या मागल्या.

टेस्टर लावा. ही उलटापालट केलेली केबल असल्यामुळे दिवे सरळ क्रमानं लागणार नाहीत. बॅटरीच्या बाजूला ४ पेटला की सर्बोच्या बाजूला ७ पेटायला हवा, ५ ला ८ आणि ग्राउंडच्या पिनेला ३. बाकीचे अंधारात. लगेच केबलवर पट्टी चिकटवा: ‘बॅटरी टोक’, ‘सर्बो टोक’. उलटी लावली तर चालणार नाही आणि बघून काहीच कळत नाही.

गोल प्लगवाली केबल असेल तर

काही लिथियम बॅटऱ्यांना आरजे४५ नसतं. बॅटरीतूनच दोन बारीक काळ्या शेपट्या बाहेर येतात, टोकाला तीन पिनांचे गोल एम८ प्लग, एक नर एक मादी. अनेक बॅटऱ्या या शेपट्यांनी माळेसारख्या जोडून माळेची दोन टोकं बाहेरच्या बीएमएसला जातात. व्हिक्ट्रॉनच्या स्मार्ट लिथियम बॅटऱ्या अशा असतात.

इथे बिघाड शोधायची सोपी रीत आहे. बॅटऱ्यांच्या दोन्ही केबल बीएमएसमधून काढा आणि एकच एक्स्टेन्शन केबल बीएमएसच्या दोन खाचांमध्ये गोल फिरवून लावा. अलार्म गेला तर बीएमएस चांगला आहे, बिघाड माळेत आहे. मग एकेक बॅटरी माळेत घेत जा. जिला घेतल्यावर अलार्म येतो ती बॅटरी किंवा तिची केबल. पण ही गोल केबल मिनिटाभराच्या तपासणीपुरतीच. तेवढ्या वेळात चार्जर आणि वीज खाणारी उपकरणं दोन्ही बंद हवीत, कारण बॅटरीवर कुणाचंच लक्ष नसतं आणि बीएमएसला मात्र सगळं आलबेल वाटत असतं.

शेपटी बॅटरीच्या कडेला तुटली असेल तर बॅटरी उघडू नका, विक्रेत्याकडे जा. वीतभर तरी शिल्लक असेल तर एम८ ची तयार एक्स्टेन्शन केबल घ्या, कापा आणि हवा तो अर्धा जोडा. या प्लगवर तपकिरी १, निळी ३, काळी ४ असा रिवाज आहे, तरी रंगावर विश्वास ठेवण्याआधी मीटरनं पिन ते तार खात्री करा. वॉरंटी चालू असेल तर कापण्याआधी विक्रेत्याला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

चालू करून बघणं

बंद केलं त्याच्या उलट्या क्रमानं चालू करा. बॅटरी, बीएमएस, सर्बो, इन्व्हर्टर, मग सोलर पॅनल आणि २३० व्होल्टची वायर असेल तर ती सगळ्यात शेवटी. मुख्य स्विच चालू करण्याआधी तो जोड आणि शेपटी वापरून पुन्हा एकदा ६० मोजून घ्या.

सर्बोच्या सेटिंगमध्ये बीएमएस-कॅन पोर्टचा प्रोफाइल ५०० किलोबिटचा आहे ना, बघा. अर्ध्या मिनिटात बॅटरी यादीत यायला हवी आणि टक्केवारी दिसायला हवी. नाही आली तर मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एच आणि ग्राउंडमध्ये २.५ ते ३ च्या दरम्यान, एल आणि ग्राउंडमध्ये २ ते २.५ च्या दरम्यान आकडा हवा. दोन्ही अगदी सारखे, २.५ वर स्थिर असतील तर कुणीच बोलत नाहीये. एच कमी आणि एल जास्त आली तर दोन्ही तारांची अदलाबदल झालीय. घाबरू नका, त्यानं काही जळत नाही, प्लग कापून परत करा.

त्याच मेनूत नेटवर्क स्टेटसचं पान असतं. तिथे ‘एरर-ॲक्टिव्ह’ असं लिहिलेलं दिसेल आणि पोटात गोळा येईल. कॅनच्या भाषेत एरर-ॲक्टिव्ह म्हणजे सगळं व्यवस्थित! ‘एरर-पॅसिव्ह’ किंवा ‘बस-ऑफ’ दिसलं तर काळजी करा. ही नावं ठेवणाऱ्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. खालचे चुकांचे आकडे लिहून ठेवा, इन्व्हर्टरवर इंडक्शन किंवा मिक्सर दहा मिनिटं चालवा आणि परत बघा. वाढत असतील तर पिळलेली जोडी चुकली आहे, किंवा केबल इन्व्हर्टरच्या जाड तारांना चिकटून जातेय. जाड तारांपासून वीतभर लांब न्या, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

मग गाडी एका खराब रस्त्यावर फिरवून आणा. आपल्याकडे तो शोधावा लागत नाही.

वाटेत अडकलात आणि केबल नाही

मुक्कामाला पोचेपर्यंत सगळे चार्जर बंद ठेवून बॅटरीतलं आहे तेवढं पुरवणं हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. फ्रिज आणि दोन दिवे एवढंच. भरणं भागच असेल आणि तुमच्या बॅटरीच्या आतला बीएमएस स्वतः बॅटरी तोडू शकत असेल, तरच सोलर चार्जरच्या ॲपमधून बीएमएसचं नियंत्रण काढा, चार्जिंग व्होल्टेज १३.८ वर आणा, करंट कमीत कमी करा आणि बीएमएसच्या ब्लूटूथ ॲपवर सेल बघत शेजारी बसा. रात्री झोपताना बंद. गोल प्लगवाल्या, बाहेरचा बीएमएस असलेल्या बॅटरीवर हे मुळीच करू नका. तिच्या आत तोडणारं काहीच नसतं. थंडीत स्पितीकडे असाल तर अजून एक: सेल शून्य अंशाखाली असताना लिथियम भरायची नाही, आणि नियंत्रण काढल्यावर चार्जरला ते सांगणारं कुणी उरत नाही.

आणि उंदीर

ट्रकवाले बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवतात. मीही ठेवली, चार दिवस वास आला, उंदीर पाचव्या दिवशी. डांबराच्या गोळ्या जिथे आपण झोपतो तिथे नकोतच. उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. केबलवर धातूच्या जाळीची नळी चढवली, तिची टोकं प्लगपासून चार बोटं मागे हीट श्रिंकनं बंद केली, म्हणजे जाळीचा धागा पिनांना लागत नाही. आणि गाडीच्या तळाची सगळी भोकं, जिथून पाण्याचा आणि गॅसचा पाइप जातो ती, भांडी घासायच्या स्टीलच्या काथ्यानं ठासली. गॅसचा डबा असलेल्या कप्प्याची खालची हवा जायची जाळी तेवढी उघडी ठेवायची, तिथे बारीक स्टीलची जाळी स्क्रूनं बसवली.

दुसरी तयार केबल, चाचणी-शेपटी, जोड आणि एक जादा टर्मिनेटर असं एका झिपच्या पिशवीत घालून मी ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवतो. केबलवर पिनांचा क्रम आणि तपासल्याची तारीख लिहिलेली असते. पलंगाखाली ठेवत नाही, कारण तिथे पहिलीचं काय झालं ते माहीत आहे.